नवऱ्याचा अंगठा आणि सातबारा

प्रश्न : साडेचार महिन्यांपूर्वी जिंतूर रस्त्यावर मालकांच्या मोटारसायकलला टेम्पोनं उडवलं. मेंदूचं ऑपरेशन झालं, दोन महिन्यांनी घरी आणलं. डोळे उघडे असतात, पण ओळख नाही, बोलणं नाही. नळीनं खाणं चालू आहे. पाच एकर शेत त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, बँकेतलं खातंही त्यांचंच. पीककर्ज नवं-जुनं करायचं आहे, बँक म्हणते खातेदाराची सही आणा. दवाखान्यापायी साडेतीन लाख उसने झालेत, ते फेडायला एक एकर विकावं म्हणते. थोरले दीर म्हणतात, त्यांचा अंगठा लावून माझ्या नावानं मुखत्यारपत्र करून घेऊ, मी सगळं बघतो. तहसीलमधला ओळखीचा माणूस म्हणतो, कलेक्टरकडं अर्ज केला की पालकत्व मिळतं. वकील म्हणतात, जिल्हा न्यायालयात पालक नेमायचा अर्ज टाकू. लेकरं पंधरा आणि अकरा वर्षांची आहेत. सासूबाई आमच्यातच राहतात. मी लग्नाची बायको असून त्यांची पालक नाही का? कुणाचं ऐकू?
— एक भगिनी, सेलू तालुका, जि. परभणी

उत्तर : ताई, तिघांनी तुम्हाला तीन वाटा दाखवल्या. त्यातल्या दोन खऱ्या आहेत, पण दुसऱ्यांच्या घराकडं जाणाऱ्या. तिसरी, म्हणजे अंगठ्याची, सरळ खड्ड्यात जाते. तुमची वाट चौथी आहे आणि ती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडं जाते. त्याआधी मात्र एका गोष्टीचं बोलू. ती तुम्ही विचारली नाही आणि तिला थांबायला वेळ नाही.

टेम्पोवाल्यावर आणि त्याच्या विमा कंपनीवर भरपाईचा दावा टाकलाय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल करावा लागतो. साडेचार महिने गेले, म्हणजे हातात दीड महिना उरला. मालकांना सही करता येत नाही म्हणून दावा अडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम १५ प्रमाणे ज्याला स्वतःचं हित सांभाळता येत नाही, त्याच्या वतीनं 'वादमित्र' दावा चालवू शकतो आणि तो वादमित्र तुम्ही होऊ शकता. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. दावा अपघात झाला त्या ठिकाणच्या किंवा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात चालतो. पोलीस ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि टेम्पोच्या विम्याची प्रत मागून घ्या. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची मूळ बिलं एका पिशवीत घाला. बिलांच्या झेरॉक्स करून घरी ठेवा, कारण दुकानाच्या पावतीची शाई सहा महिन्यांत उडते. मागणीत फक्त झालेला खर्च लिहू नका. पुढचं औषधपाणी, बुडालेलं उत्पन्न आणि आयुष्यभर सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च हे तिन्ही वेगळे लिहायला सांगा. शेवटची बाब बऱ्याच दाव्यांत राहून जाते, कारण सांभाळणारी बायकोच असते आणि तिच्या कामाचा खर्च कुणी धरत नाही.

तसंच मालकांचं पासबुक उघडून मे-जूनच्या सुमाराला २० रुपये कापले गेल्याची नोंद दिसते का बघा. दिसली तर त्यांचा पंतप्रधान सुरक्षा विमा आहे. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तर त्यात २ लाख मिळतात. खातेदार शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतही दोन अवयव निकामी झाल्यास २ लाखांचं अनुदान आहे. तो अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं जातो. दोन्हीकडं उशीर झालाच आहे, म्हणून उशिराचं कारण (दवाखान्यात होतो) आणि डिस्चार्जची तारीख अर्जातच लिहा.

आता पालकत्वाचं. बायको असून पालक नाही का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यानं 'नाही' असं आहे. माणूस १८ वर्षांचा झाला की त्याचा पालक कुणीच राहत नाही; आई नाही, बाप नाही, बायकोही नाही. दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदावर तुमची सही चालली, ती नातलग म्हणून. बँकेत आणि सातबाऱ्यावर ती चालत नाही. खात्यावर तुमचं वारस म्हणून नाव (नॉमिनी) असेल तर तेही माणूस गेल्यावरच कामाला येतं. जिवंत माणसाला वारस नसतो, म्हणून वारस प्रमाणपत्राचाही इथं उपयोग नाही. फक्त एक तपासा : खातं खरोखर एकट्याचंच आहे का? बँकेत खातं 'दोघांपैकी कुणीही' अशा पद्धतीनं उघडलेलं असेल तर तुम्ही आजही पैसे काढू शकता. लग्नानंतर अशी खाती उघडून विसरलेली घरं बरीच असतात.

अंगठ्याकडं येऊ. दिरांच्या मनात काही वाईट असेल असं नाही. गावात असं होतं, म्हणून ते म्हणतात. पण मुखत्यारपत्र म्हणजे एका शुद्धीतल्या माणसानं दुसऱ्याला दिलेला अधिकार. देणाऱ्याला आपण काय देतोय हे कळायला हवं. ज्याला बायकोची ओळख नाही त्याचा हात धरून शाईच्या पॅडवर टेकवला, तर कागदावर त्वचेच्या रेषा उमटतात, अधिकार उमटत नाही. अपघाताच्या आधी त्यांनी शुद्धीत मुखत्यारपत्र करून दिलेलं असतं, तरी तेही आज चाललं नसतं. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणारा मनानं असमर्थ झाला की मुखत्यारी संपते. काही देशांत अशी मुखत्यारी माणूस बेशुद्ध झाल्यावरही चालू राहते. आपल्याकडं ती सोय नाही.

दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करतो, असंही कुणीतरी सांगेल. येतो, आजारी माणसासाठी तशी तरतूद आहे. पण समोरचा माणूस मनानं असमर्थ दिसला तर नोंदणी नाकारणं हे नोंदणी कायद्याच्या कलम ३५ नं त्याच्यावर बंधनकारक केलंय. त्यानं डोळेझाक केली आणि कागद झालाच, तर त्यावरची विक्री आयुष्यभर डगमगत राहील. लेकरं मोठी झाल्यावर किंवा घेणाऱ्यानं भांडण काढल्यावर दवाखान्याची तारीखवार फाईलच तुमच्या विरोधात पुरावा ठरेल, आणि बनावट दस्ताचा फौजदारी गुन्हा कागद करणाऱ्यावर आणि साक्षीदारांवर येईल. शिवाय एक साधी गोष्ट. ते मुखत्यारपत्र दिरांच्या नावानं होणार होतं, तुमच्या नाही.

बँकांमध्ये एक अंगठ्याची सोय खरी आहे, तिची इथं गल्लत होते. सही करता न येणाऱ्या म्हाताऱ्या-आजारी खातेदाराच्या हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेऊन पैसे द्यावेत, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. पण ती शरीरानं थकलेल्या आणि मनानं जाग्या असलेल्या खातेदारासाठी आहे. मालकांना ती लागू होत नाही.

एटीएम कार्ड तुमच्याकडं असेल आणि दवाखान्याच्या घाईत त्यातून पैसे काढले असतील, तर ते लपवू नका. कोणत्या तारखेला किती काढले आणि कुठं खर्च झाले हे बिलांसह एका वहीत लिहून काढा. हीच वही पुढं न्यायालयात तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होईल. आता मात्र कार्ड कपाटात ठेवा आणि दिरांनाही वापरू देऊ नका.

तहसीलमधल्या माणसानं सांगितलेली कलेक्टरची वाट राष्ट्रीय न्यास कायद्याची आहे, १९९९ ची. जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते, ते स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांतल्या १८ वर्षांवरच्या व्यक्तींसाठी. तुमच्या गावात जन्मापासून मतिमंद असलेला कुणी तरुण असेल आणि त्याचे आई-वडील थकले असतील, तर त्यांना ही वाट जरूर सांगा. ती स्वस्त आहे, वकिलाशिवायही जमते. मुलगी असेल तर एकट्या पुरुषाला पालक नेमत नाहीत, हेही सांगा. धडधाकट शेतकऱ्याला चाळिशीत मेंदूला मार लागला, तर ते प्रकरण या चारांत बसवताना समिती अडते. अर्ज महिनोन्महिने टेबलावर पडतो आणि शेवटी 'आमच्या कक्षेत नाही' असा शेरा घेऊन परत येतो.

वकिलांचा सल्ला १८९० च्या पालक व पाल्य कायद्यावरून आलेला असावा. त्या कायद्यातला पाल्य म्हणजे १८ वर्षांखालचं मूल. मोठ्या माणसासाठी तिथं अर्ज चालत नाही. आणखी एक जुना रस्ता होता, १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचा. त्यात जिल्हा न्यायालय चौकशी करून मालमत्तेसाठी पालक आणि व्यवस्थापक नेमायचं. २०१७ चा नवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि तो रस्ता बंद झाला. नव्या कायद्यात उपचारासाठी नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, जमिनीसाठी कुणी नाही. काही वकिलांच्या कॉम्प्युटरमध्ये जुन्या कायद्याचा मसुदा अजून आहे, म्हणून अर्जाच्या डोक्यावर कोणता कायदा लिहिलाय ते सही करण्याआधी वाचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये जिल्हा न्यायालयाकडून 'मर्यादित पालक' मिळतो, पण त्याचा पाया आहे दोघांनी मिळून निर्णय घेणं. मालक पुढं सुधारले, होय-नाही सांगू लागले, तर ते कलम तुमच्या उपयोगी पडेल. आज नाही.

कोमातल्या किंवा शुद्ध हरपलेल्या मोठ्या माणसाचा पालक कसा नेमायचा, हे सांगणारा वेगळा कायदाच आपल्याकडं नाही. म्हणून उच्च न्यायालयं राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, ज्याच्या वतीनं कुणी बोलू शकत नाही त्याचे आई-बाप होऊन, पालक नेमतात. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये अशा याचिकांसाठी निकष ठरवून दिले. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कोमातल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं. तुमचा जिल्हा औरंगाबाद खंडपीठाखाली येतो, त्यामुळं मुंबईला जायचं काम नाही.

याचिकेचा कणा म्हणजे डॉक्टरचा दाखला, आणि सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. डॉक्टर सवयीनं लिहितात, 'रुग्ण अंथरुणाला खिळून आहे, पूर्ण विश्रांतीची गरज.' त्यावरून काहीच ठरत नाही. पाठीचा मणका मोडलेला माणूसही अंथरुणाला खिळतो आणि व्यवहार उत्तम करतो. ९० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्रही एकटं पुरत नाही, कारण ते बहुधा हातापायांचं मोजमाप असतं. मेंदूच्या डॉक्टरकडून या पाच गोष्टी लिहून घ्या : नेमकी इजा काय आणि कोणत्या तारखेच्या सीटी स्कॅनमध्ये दिसली, आज माणसं ओळखतात का, सांगितलेलं समजतं का, समजलं तर कोणत्याही खुणेनं सांगता येतं का, आणि सुधारणा होईल का, किती काळात. 'स्वतःच्या मालमत्तेबाबत निर्णय घेण्याची व तो व्यक्त करण्याची क्षमता सध्या नाही' असं वाक्य त्यात हवं. दाखला एक महिन्याच्या आतला असेल तर बरं. खासगी डॉक्टरचा दाखला जोडला तरी न्यायालय सहसा सरकारी वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करवून घेतं. घाटी (औरंगाबादचं सरकारी रुग्णालय), नांदेड, लातूर, अंबाजोगाई यांपैकी कुठं न्यावं लागेल हे आदेशात येईल. रुग्णाला हलवणं धोक्याचं असेल तर तेही डॉक्टरकडून आधीच लिहून घ्या, म्हणजे मंडळाला घरी किंवा जवळच्या रुग्णालयात पाठवायची विनंती करता येते.

दुसरा अहवाल महसूल खात्याचा. तहसीलदार किंवा त्यांचा माणूस घरी येईल. रुग्ण कुठं झोपतो, कोण भरवतं, घरात आणखी कोण आहे, जमीन किती, शेजारी काय म्हणतात हे तो बघतो. नटवायचं काही नाही. नळीनं दिवसातून किती वेळा काय दिलं, कूस कधी बदलली, औषध कधी दिलं याचा तक्ता भिंतीवर चिकटवलेला असेल तर तोच पुरेसा बोलतो.

तिसरी बाब नातलगांची. मालकांचे पहिल्या वर्गातले वारस होऊ शकतात असे लोक म्हणजे तुम्ही, दोन्ही लेकरं आणि सासूबाई. तुम्हाला पालक नेमायला हरकत नाही असं सासूबाईंचं प्रतिज्ञापत्र लागेल. दीर या यादीत नाहीत, पण त्यांचंही घेतलं तर वाट सोपी होते. ते देणार नसतील तर अडून बसू नका, त्यांना प्रतिवादी करा; न्यायालय त्यांचं ऐकेल आणि ठरवेल. सातबाऱ्यावर दिरांचं नाव सामाईक असतं तर गोष्ट वेगळी होती. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही, तरी ताजा सातबारा काढून बघा. त्याबरोबर ८-अ (खातेउतारा) आणि जमीन मालकांच्या नावावर कशी आली तो फेरफारही काढा. जुन्या नोंदीसाठी खासरा पाहणी पत्रक लागलं तर तेही मागा. नावं जुळतात का ते अक्षर-अक्षर तपासा. सातबाऱ्यावर 'मारोती', आधारवर 'मारुती', बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं : असा एका अक्षराचा फरक आदेश मिळाल्यावर बँकेच्या काउंटरवर पंधरा दिवस खातो. फरक असेल तर 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र याचिकेलाच जोडा.

मग प्रार्थना, म्हणजे याचिकेच्या शेवटी न्यायालयाकडं नेमकं काय मागितलंय तो भाग. 'अर्जदारास पालक नेमावे' एवढ्यावर वकील थांबले तर आदेशही तेवढाच येतो, आणि बँक म्हणते यात आमच्या खात्याचा उल्लेख नाही. प्रत्येक खात्याचा नंबर आणि शाखा, ठेवीची पावती, कर्जखातं, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये (तुमचे पाच एकर म्हणजे साधारण २ हेक्टर २ आर), मोटारसायकल आणि विमा पॉलिसी अशी सगळी यादी जोडा. पैसे काढणं, कर्ज नवं-जुनं करणं, शासकीय अनुदान घेणं आणि अपघाताच्या भरपाईची रक्कम घेणं हे अधिकार वेगवेगळे मागा. भरपाईची रक्कम वादमित्राला न्यायालयाच्या परवानगीशिवाय उचलता येत नाही, म्हणून हे आत्ताच मागितलेलं बरं. बँकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना प्रतिवादी करा. आदेश त्यांच्यासमोर झाला की नंतर 'आम्हाला वरून विचारावं लागेल' हे कमी होतं.

एक एकर विकायचं म्हणता. ते याच याचिकेत मागता येतं, पण कारणासहित. साडेतीन लाख कुणाकुणाचे, दवाखान्याची कोणती बिलं त्यातून भागली, शासकीय दरानं एकराची किंमत किती येते आणि उरलेले पैसे कुठं ठेवणार हे लिहा. न्यायालयं जमीन विकायची परवानगी हात आखडून देतात आणि ते बरोबरच आहे. चार एकरांवर तुम्हाला आणि लेकरांना पुढं जगायचं आहे. आमचं मत विचाराल तर आधी खातं मोकळं करून घ्या, अपघाताचा दावा लावा, उसनं देणाऱ्यांना दाव्याचा नंबर दाखवून मुदत मागा आणि विक्रीचा विषय सहा महिने मागं ठेवा. गरजेत विकलेल्या जमिनीला गावात भाव मिळत नाही. तरीही विकायचीच झाली, तर सातबाऱ्यावरचा पीककर्जाचा बोजा आधी उतरवावा लागेल. जमीन भोगवटादार वर्ग-२ ची असेल, जुनी इनामी वगैरे, तर न्यायालयाच्या आदेशावर जिल्हाधिकाऱ्यांची वेगळी परवानगीही लागेल.

लेकरांचा प्रश्न इथंच येतो. जमीन खरेदीची आणि मालकांच्या एकट्याची असेल तर आज लेकरांचा त्यात हिस्सा नाही. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल तर मुलाचा आणि मुलीचा, दोघांचाही जन्मापासून आहे. मुलीचा २००५ च्या दुरुस्तीनं. कोणता प्रकार ते फेरफारावरून ठरतं, म्हणून तो वकिलांना आधी दाखवा. लेकरांसाठी मात्र तुम्हाला पालक म्हणून नेमून घ्यायची गरज नाही. वडील असमर्थ असतील तर आई हीच नैसर्गिक पालक, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये स्पष्ट केलंय. शाळेच्या, बँकेच्या, शिष्यवृत्तीच्या कागदावर बिनधास्त सही करा. पण लेकराच्या नावावर वेगळी मालमत्ता असेल तर ती विकायला १९५६ च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता झालेली विक्री मूल १८ वर्षांचं झाल्यावर ३ वर्षांच्या आत रद्द करून मागू शकतं, आणि तुमच्या थोरल्याला १८ व्हायला तीनच वर्षं उरलीत. घेणारा शहाणा असेल तर तोच हा प्रश्न विचारेल.

पीककर्जाचं सांगायचं तर कर्जखात्यात पैसे भरायला कुणाचीच सही लागत नाही, काढायला लागते. मुदतीत भरलं तर व्याजाची सवलत राहते आणि खातं थकबाकीत जात नाही. नव्यानं उचलणं मात्र आदेशापर्यंत थांबेल. हंगामासाठी बियाणं-खतापुरतं बचत गटाकडून घ्यावं, सावकाराकडून नको. शेत बटईनं लावायचं असेल तर एका हंगामापुरतं, साध्या कागदावर, सासूबाईंना साक्षीदार ठेवून लावा. शेत कसायला न्यायालय लागत नाही.

आदेश हातात आला की त्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती काढा, झेरॉक्स बँक घेत नाही. अर्जाबरोबर प्रत द्या आणि पोच घ्या. खातं 'अमुक यांच्या पालक' अशा नावानं चालवा आणि तुमचे मजुरीचे किंवा गटाचे पैसे त्यात मिसळू नका. एका दिवशी पन्नास हजार रोख काढून महिनाभर घरखर्च चालवला की हिशोब तिथंच मोडतो. दवाखान्याला आणि मेडिकलला शक्य तेवढं खात्यातूनच द्या. ठरावीक काळानं अहवाल द्यायचा असं आदेशात लिहिलेलं असेल. ती तारीख कॅलेंडरवर आत्ताच लाल करून ठेवा. अहवाल चुकला तर तक्रार करायला दिरांना आयतं कारण मिळतं. आणि मालक बोलू लागले, व्यवहार कळू लागले, तर तेही न्यायालयाला कळवणं तुमच्यावरच आहे. तेव्हा पालकत्व काढून घ्यायचा अर्ज तुम्हीच करायचा.

वकिलाच्या फीची चिंता पत्रात नाही, पण असणार. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सेलूच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, परभणीला जिल्हा प्राधिकरण आहे, आणि खंडपीठातल्या याचिकेसाठी तिथली उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती वकील देते. फोनवर विचारायचं तर १५१००. पहिल्याच खेपेला दोघांचं आधार, लग्नाचा पुरावा किंवा रेशनकार्ड, डिस्चार्ज कार्ड, एफआयआर, पासबुक, सातबारा, ८-अ आणि ती खर्चाची वही घेऊन जा. खिडकीवर दोन कामं वेगवेगळी सांगा : अपघाताचा दावा, जो या महिन्यातच लागला पाहिजे, आणि खंडपीठातली याचिका. एकत्र सांगितलंत तर दोन्ही एकाच फाईलमध्ये जातील आणि दाव्याची मुदत त्या फाईलमध्येच निघून जाईल.